बेटावरची नदी : मोरव्याच्या परिसरातील भूगोलाचा एक पाठ

प्राथमिक शाळेत भूगोल शिकविताना जवळच्याकडून दूरच्याकडे जावे, हे तत्त्व प्रत्येक शिक्षकास अध्यापन विद्यालयातच सांगितलेले असते. प्रत्यक्ष वर्गात मात्र नदीचा पाठ आला की नेमके उलट घडते. फळ्यावर गंगा येते, गोदावरी येते. उगम, खोरे, त्रिभुज प्रदेश हे शब्द मुले पाठ करतात. मग एखाद्या मुलास, “तुझ्या गावाजवळची नदी कोणती?” असे विचारावे, तर तो गप्प राहतो. मोरवा, राई, मुर्धे या बाजूच्या मुलाचे उत्तर बहुधा “आमच्याकडे नदी नाही, खाडी आहे” असे असते. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. जे अर्धे चुकते, त्यातच या परिसराचा पुष्कळसा भूगोल सामावलेला आहे. म्हणून शिक्षकाने ते उत्तर चूक म्हणून खोडून न टाकता पाठाची सुरुवात तेथूनच करावी.

मोरवा हे गाव भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. आज ते मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडत असले, तरी त्याची मूळ घडण खाडीकाठच्या आगरी गावाची आहे. उत्तरेस वसईची खाडी, दक्षिणेस मनोरीची खाडी, पश्चिमेस उत्तन-डोंगरीकडील टेकड्या व त्यांपलीकडे अरबी समुद्र, अशी त्याची चतुःसीमा थोडक्यात सांगता येते. मनोरी, गोराई, उत्तन या पश्चिमेकडील पट्ट्यास पूर्वी धारावी बेट असे म्हणत. मुंबई शहरातील धारावीशी याचा काही संबंध नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते. वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला तो येथला. खाडीच्या मुखाशी असलेल्या उंचवट्यावर ज्याचा ताबा, त्याची नजर वसईकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर, एवढे सांगितले की किल्ला तेथेच का बांधला, हे मुलांच्या ध्यानात येते.

न दिसणारे बेट

मोरव्याचा मुलगा बेटावर राहतो, हे त्यास सहसा ठाऊक नसते. बेट म्हणजे नारळाची चार झाडे व सभोवार निळे पाणी, असे चित्र त्याने पुस्तकात पाहिलेले असते. त्याला असे विचारावे की, पाणी न ओलांडता तुला वसईस जाता येईल काय? भाईंदरहून नायगावकडे जाताना आगगाडी पुलावरून धडधडत जाते व मध्ये पाणजू बेट दिसते, हे त्याने पाहिलेले असते. ठाण्याहून कळव्यास जाताना पूल लागतो. वांद्र्याहून माहीमला जाताना डाव्या-उजव्या हातास पाणी लागते. नकाशावर ही तीन ठिकाणे बोटाने दाखवून ती एका दोऱ्याने जोडावीत. वसईची खाडी, ठाण्याची खाडी, माहीमची खाडी व अरबी समुद्र यांनी वेढलेला हा भूभाग म्हणजे साष्टी बेट. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी, अशी या नावाची फोड सांगितली जाते. सहाशे चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रफळाच्या या बेटावर मुंबईची सारी उपनगरे, ठाणे शहराचा मोठा भाग व मिरा-भाईंदर वसलेले आहे. १८४५ साली माहीमचा बांधरस्ता झाला, पुढे रेल्वे आली, पूल झाले, आणि बेटपण लोकांच्या विस्मृतीत गेले. पाण्याच्या ते विस्मृतीत गेलेले नाही.

बेटावरच्या नदीचे मुख्य लक्षण तिचे आखूडपण होय. तिला पाऊस मिळतो तो बेटावर पडलेलाच. दुसऱ्या प्रदेशाचे पाणी तिच्या वाट्यास येत नाही. बोर्निओसारख्या प्रचंड बेटावर हजार किलोमीटरांहून लांब नदी असू शकते. पण ज्या मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत, तेथील सर्वांत लांब नदीही चाळीस किलोमीटरांपर्यंत पोचत नाही. साष्टीवरील नद्या त्याहूनही लहान आहेत. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या चारही नद्या बेटाच्या मध्यावरील डोंगरातून निघून पश्चिमेच्या खाड्यांस मिळतात. यांपैकी दहिसर नदी मनोरीच्या खाडीस मिळते, म्हणून मोरव्याच्या शाळेस तीच सर्वांत जवळची.

तिची लांबी अवघी बारा किलोमीटर आहे. या आकड्याने शिक्षकाने खजील होण्याचे कारण नाही. गोदावरीचा उगम पाहिलेल्या माणसास तिचे मुख पाहण्यासाठी महाराष्ट्र व तेलंगण ओलांडून आंध्र प्रदेशाचा किनारा गाठावा लागतो. दहिसर नदीचा उगम सकाळी व मुख संध्याकाळी, असे दोन्ही एका दिवसात पाहता येतात. नदीचे सारे आयुष्य मुलाच्या एका दिवसात मावावे, ही सोय थोर नद्यांपाशी नाही.

डोंगर, पाऊस आणि हिशेब

बेटाच्या मध्यभागी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर असून जांबूळमाळ हे त्यातील सर्वोच्च ठिकाण समुद्रसपाटीपासून ४६८ मीटर उंच आहे. हा डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. कान्हेरीच्या लेणी ज्या दगडात कोरल्या, त्याकडे निरखून पाहिले असता त्यात निरनिराळ्या आकाराचे खडे एकत्र सांधलेले दिसतात. ज्वालामुखीच्या उद्रेकात फुटलेल्या दगडांचे ते तुकडे होत. या लेण्यांतील भिक्षूंनी प्रत्येक विहाराजवळ पाण्याची पोढी खोदली आणि कातळावरून वाहणारे पावसाचे पाणी चर कोरून तिच्यात आणले. नदी पावसाळ्यानंतर लवकर आटते, हे त्यांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच डोंगरात तुळशी तलाव आहे. तो १८७९ साली, आणि त्याच्या शेजारचा विहार तलाव १८६० साली, मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधून पुरा झाला. तुळशी तलावाच्या परिसरात दहिसर नदीचा उगम मानतात. तेथून ती वायव्येकडे वाहत बोरिवलीजवळ अरण्याबाहेर पडते, दौलतनगर, दहिसर, कांदरपाडा या वस्त्यांतून जाते आणि मनोरीच्या खाडीस मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३५ चौरस किलोमीटर आहे.

येथे गणिताच्या तासाची मदत घ्यावी. मुंबईच्या परिसरात वर्षाकाठी दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. शाळेचे पटांगण वीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद आहे असे धरू. त्यावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला व ते पाणी कोठेही न जाता साचले, तर तीस घनमीटर म्हणजे तीस हजार लिटर पाणी होईल. मुलांना हा आकडा खरा वाटत नाही. त्यांच्याकडूनच गुणाकार करून घ्यावा. हाच हिशेब पस्तीस चौरस किलोमीटरांस लावला, तर एका दिवसाचे पाणी तीनशे पन्नास कोटी लिटर भरते. जंगलातील माती व पाला त्यातील काही भाग शोषून घेतो, उरलेले बारा किलोमीटरांच्या उतारावरून काही तासांत खाडीत उतरते. मोठ्या नदीचा पूर दिवसेंदिवस चढतो व उतरतो. या नदीचा पूर न्याहारीच्या वेळी येऊन जेवणाच्या वेळी ओसरलेला असतो.

अरण्यातील नदी ही अगदी निराळी नदी आहे. काठाने करंज, जांभूळ, उंबर यांची दाटी असते. उतारावर कारवीचे रान आहे. ही कारवी सुमारे आठ वर्षांनी एकदा सर्वत्र एकाच वेळी फुलते, जांभळा डोंगर दिसतो, बी धरते व मरून जाते. २००८ व २०१६ साली येथे असा बहर आला होता. पहिलीत असताना कारवीची फुले पाहिलेला मुलगा पुढचा बहर पाहील तेव्हा हायस्कुलात गेलेला असेल, हे सांगितले की आठ वर्षांचा काळ त्यास नीट समजतो. पहिल्या पावसाबरोबर खेकडे बिळांतून बाहेर पडतात आणि ओढ्यांतून मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. या चढणीच्या माशांची ओळख खेड्यातील मुलास करून देण्याची गरज नाही; ते अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे निघालेले असतात, एवढे मात्र सांगावे, कारण ते पकडताना कोणी सांगत नाही.

तुळशी व विहार तलावांत मगरी आहेत. रानात चितळ, सांबर, वानर, माकडे आहेत, आणि बिबट्या आहे. चोहोबाजूंनी एवढी मोठी मनुष्यवस्ती असलेल्या अरण्यात बिबट्याने टिकून राहावे, असे उदाहरण जगात क्वचितच आढळेल. पाड्यांवरील वारली लोक वाघदेवाची पूजा करतात, त्यात भीती आहे तसा शेजारधर्मही आहे. पावसाळ्यात ॲटलास नावाचा भलामोठा पतंग येथे दिसतो; त्याचे पंख पसरले असता मोठ्या माणसाच्या हाताच्या वितीएवढे भरतात. त्यास तोंडाने खाता येत नाही. सुरवंट असताना जे खाल्ले, त्यावरच तो आपले चार-आठ दिवसांचे आयुष्य काढतो.

अरण्याबाहेर पडल्यावर नदीचे जे होते, त्याबद्दल वर्गात फार वेळ घालवू नये, पण ते टाळूही नये. घरांचे सांडपाणी, तबेल्यांतील शेण, कपडे धुण्याचे साबणपाणी, प्लास्टिक हे सारे तिच्यात येते. काठ सिमेंटच्या भिंतींनी बांधलेले आहेत. काही फर्लांगांच्या अंतरात लोक तिला नदी म्हणण्याचे सोडून नाला म्हणू लागतात. नाव बदलले की वागणूक बदलते. नदीत कचरा टाकताना हात थोडा तरी थबकतो, नाल्यात टाकताना थबकत नाही. म्हणून भूगोलाच्या शिक्षकाने शब्दाच्या बाबतीत काटेकोर राहावे. जिला डोंगरात उगम आहे, स्वतःचे पाणलोट क्षेत्र आहे आणि समुद्रापर्यंत वाट आहे, ती नदी होय, मग तिचा रंग कोणताही असो.

जेथे नदी मागे वळते

आता खाडीकडे यावे. “आमच्याकडे नदी नाही, खाडी आहे” या उत्तराचा निकाल येथे लागतो. नदीच्या मुखात समुद्राचे पाणी भरतीबरोबर आत शिरते व ओहोटीबरोबर नदीच्या पाण्यासह बाहेर पडते. असा जो नदीचा शेवटचा टप्पा, तीच खाडी. दिवसातून दोन वेळा येथे पाणी उलट दिशेस वाहते. वसईची खाडी हे सह्याद्रीत उगम पावणाऱ्या उल्हास नदीचे एक मुख आहे. मनोरीच्या खाडीत बेटावरच जन्मलेली दहिसर नदी येते. मोरव्याचा मुलगा एका मोठ्या व एका लहान नदीच्या मुखांच्या मध्ये राहतो, आणि तरीही आपल्याकडे नदी नाही असे म्हणतो!

भरती-ओहोटीची वेळ काढण्याची जी रीत कोळी व आगरी वडीलधारी माणसे वापरत आली आहेत, ती तिसरी-चौथीच्या मुलास येण्याजोगी आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन वाजता व पहाटेही तीनच्या आसपास भरती, आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरती होते. रीत थोडी चुकते, पण एवढी चूक होडी लावणाऱ्यास चालते. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही तेवढीच पुढे जाते, हे त्यामागील कारण. पाढे म्हणताना पाऊणकी कशासाठी शिकायची, असा प्रश्न पूर्वीच्या मुलांस पडत नसे, कारण घरी आजोबा तिचा उपयोग करीत. आता पाऊणकी शाळेतून गेली व रीतही घरातून जाऊ लागली आहे. ज्या मुलाच्या घरी अद्याप कोणी ही रीत जाणणारे असेल, त्यास ती विचारून येण्यास सांगावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गास त्याच्याकडूनच शिकवून घ्यावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांच्या पातळीतील अंतर साडेतीन मीटरांहूनही अधिक असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, ती बेताची. एवढा चढउतार असल्यामुळे खाडीकाठची विस्तीर्ण सपाट जमीन रोज दोन वेळा बुडते व उघडी पडते. त्या जमिनीस खाजण म्हणतात, आणि तिच्यावर उगवणारे रान म्हणजे तिवर.

सर्वसाधारण झाड खाऱ्या चिखलात दोन दिवसही जगणार नाही. मीठ मुळांवाटे पाणी ओढू देत नाही आणि चिखलात हवा नसल्याने मुळे गुदमरतात. तिवराने या दोन्ही अडचणींवर उपाय योजलेला आहे. त्याच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. उन्हाळ्यात पानावर मिठाचे कण चकाकताना दिसतात व पान जिभेस लावले तर खारट लागते. गुदमरणाऱ्या मुळांसाठी ते चिखलातून वर शेकडो टोकदार श्वासमुळे काढते. झाडाभोवती जणू पेन्सिली उभ्या रोवलेल्या आहेत असे दिसते. कांदळाच्या झाडाची तऱ्हा वेगळी. त्याच्या खोडातून कमानीसारखी आधारमुळे निघतात, आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून हातभर लांबीची शेंगेसारखी काडी लोंबू लागते. ती सुटून चिखलात पडली की तेथेच उभी राहते किंवा भरतीबरोबर दूर जाऊन रुजते. बी अगोदर जमिनीवर पडावे व मग रुजावे, हा मुलांनी घोकलेला नियम येथे मोडतो, म्हणून ही काडी वर्गात अवश्य आणावी. याखेरीज चिप्पी, किरकिरी, काजळा, काटेरी पानांची मारांडी अशा जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या चिप्पीस २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. गेवा नावाच्या झाडाविषयी मात्र मुलांस सावध करावे. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते; ओळख पटल्याखेरीज कोणतीही फांदी मोडू देऊ नये.

ओहोटी लागली की चिखल जिवंत होतो. निवट्या हा मासा असून पाण्याबाहेर राहतो, पुढच्या परांवर रेलून चिखलातून उड्या मारतो आणि चाहूल लागताच बिळात जातो. कल्ल्यांत पाणी धरून ठेवून व ओल्या कातडीवाटे तो हवेत श्वास घेऊ शकतो. लहान खेकड्यांच्या एका जातीत नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी असते व ती तो सारखी वरखाली हालवतो. हे मादीस बोलावणे असते व दुसऱ्या नरास धमकावणेही. खाण्याच्या कामी ती नांगी निरुपयोगी असते. चिंबोरी, कालवे, शिवल्या, बोय हे सर्व येथलेच. कोळंबीची अंडी समुद्रात फुटतात, पण तिची पिल्ले तिवरांच्या मुळांत येऊन वाढतात व मोठी झाल्यावर परत समुद्रात जातात. खाजण बुजविल्यावर उत्तनच्या कोळ्याच्या जाळ्यात कोळंबी कमी का येईल, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. जिताडा हा खाडीतील मोलाचा मासा. तो गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत राहतो. तरुणपणी तो नर असतो व पुढे वय वाढल्यावर त्याची मादी होते. ही गोष्ट वर्गात सांगितल्यावर हशा पिकतो. हसू द्यावे, पण वहीत लिहून घेण्यास सांगावे.

या सर्वांवर पक्षी जगतात. ढोकरी, बगळे व खंड्या बाराही महिने असतात. लांब लाल पायांचे शेकाटे मिठागरांच्या उथळ पाण्यात फिरतात. हिवाळ्यात उत्तरेकडील थंड प्रदेशांतून तुतारी व चिखले येतात आणि ओहोटीच्या चिखलात चोची खुपसून किडे वेचतात. पांढऱ्या डोक्याची व विटकरी अंगाची ब्राह्मणी घार खाडीवर घिरट्या घालते. सायंकाळी तिवरांतून कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकू येते. एवढ्या मोठ्या शहराच्या कडेस कोल्हे कसे, असा प्रश्न पाहुण्यांस पडतो, गावातल्यांस पडत नाही.

मीठ

भाईंदर, राई, मुर्धे या पट्ट्यातील मिठागरे हा नदी-समुद्राच्या देवघेवीचा मनुष्याने करून घेतलेला उपयोग होय. पावसाळा संपून जमीन वाळली की बांध दुरुस्त करतात. उधाणाच्या भरतीस उघाडीतून समुद्राचे पाणी मोठ्या साठवणीत घेतात, ऊन व वारा त्यास आटवितात, मग ते क्रमाने लहान व उथळ खाचरांत सोडतात. अगोदर चुन्यासारखे क्षार तळाशी बसतात, त्यानंतर मिठाचे स्फटिक धरतात, आणि शेवटी उरणारे कडू पाणी काढून टाकतात. हा क्रम चुकला तर मीठ कडवट होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. एक पोते मीठ तयार होण्यास किती पाणी आटावे लागेल, हे गणित मोठ्या मुलांस द्यावे. ओंजळभर मीठ उचलणाऱ्या मुलाने या गणिताचे उत्तर काढल्यावर मिठागरात अनवाणी उभ्या असलेल्या कामगाराच्या पायांकडे एकदा पाहावे, असे शिक्षकास वाटेल; त्यासाठी वेगळे व्याख्यान नको.

भरती आणि पाऊस एकत्र आले तेव्हा

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वर्षभराच्या पावसाचा एवढा मोठा वाटा एका दिवसात पडला. तो आषाढ वद्यातील पंचमी-षष्ठीचा दिवस होता. मुलांना पाऊणपट करण्यास सांगावे : पाचची पावणेचार, सहाची साडेचार. खरोखरच त्या दुपारी चारच्या सुमारास समुद्रास मोठी भरती होती. डोंगरावरून उतरलेले पाणी खाडीशी आले तेव्हा खाडी समुद्राने भरलेली होती. नदीस पुढे जाण्यास वाट नव्हती, म्हणून ती मागे फिरली आणि घरांत शिरली. मिठी नदीच्या काठी सर्वांत अधिक हानी झाली. दहिसर नदीकाठच्या वस्त्यांतही पाणी भरले. शेकडो माणसे मृत्यू पावली.

अशा वेळी खाजण व तिवरांचे रान काय करते, हे टोपलीभर वाळू, एक पसरट थाळा व एक पाण्याचा तांब्या घेऊन दाखविता येते. थाळ्यात एका बाजूस वाळूचा डोंगर करावा, पायथ्याशी सखल जागा मोकळी ठेवावी व तांब्याने पाणी ओतावे. पाणी सखल जागी पसरते. मग तीच जागा विटेच्या तुकड्यांनी भरून पुन्हा तेवढेच पाणी ओतावे. पाणी कोठे चढते, ते मुले स्वतः सांगतील. त्याच वर्षी, २००५ साली, मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड व त्यावर भराव घालणे यांस मनाई करणारा आदेश दिला, आणि २०१२ साली राज्याच्या वनविभागात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. तरी देखील रात्री येऊन मातीचा ट्रक रिकामा करून जाणाऱ्यास आदेश वाचून दाखविण्यास तेथे कोणी हजर नसते. खाजणाच्या कडेने रोज शाळेत येणारी मुले मात्र असतात, आणि काल नव्हता तो ढीग आज दिसला की ती घरी व शाळेत सांगतात.

सहल व वर्गकार्य

सहल तृतीया किंवा चतुर्थीच्या दिवशी काढावी. त्या दिवशी साडेआठ-नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. आठ वाजता काठावर पोचून दहाच्या आत परतावे. मुलांनी बांधावरूनच पाहावे. चिखलात उतरू देऊ नये, कारण तो दिसतो त्याहून खोल असतो व कालवांच्या कडा पाय कापतात. शासनाकडून छापून येणाऱ्या भरतीच्या तक्त्याशी तिथीचे उत्तर ताडून पाहावे. प्रत्येक मुलाने एकाच चौरस हाताएवढ्या जागेकडे दहा मिनिटे पाहून तेथे काय हालले ते लिहावे, एवढेच काम द्यावे. जास्त कामे दिली की मुले यादी भरतात, पाहत नाहीत.

ज्या शाळांस खाडी जवळ नाही, त्यांनी हा पाठ सोडून देऊ नये. शहापूरकडील भातसा काळू नदीस मिळते, काळू उल्हासला मिळते, आणि उल्हासचे पाणी ठाण्यापाशी दोन वाटांनी फुटून त्यातील एक वाट मोरव्याच्या उत्तरेस वसईच्या खाडीतून समुद्रास जाते. मुरबाड-शहापूरच्या वर्गात नदीचा आरंभ आहे व मोरव्याच्या वर्गात तिचा शेवट. दोन्ही शाळांनी एकमेकींस पत्र लिहून आपापल्या टोकाचे वर्णन कळवावे. भाषेच्या तासास पत्रलेखनाचा विषयही मिळेल.

खाडीकाठच्या शाळांनी वर्षभर चालणारा एक प्रयोग करावा. खाडीचे एक लिटर पाणी भाद्रपदात, पौषात व वैशाखात, प्रत्येक वेळी पूर्ण भरतीस एकदा व पूर्ण ओहोटीस एकदा असे आणून, गाळून, पसरट थाळीत उन्हात आटवावे. भाद्रपदात ऊन मिळाले नाही तर चुलीवर आटवावे. उरलेले मीठ वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत भरून प्रत्येकीवर महिना, तिथी व वेळ लिहावी. सहाही बाटल्या खिडकीच्या फळीवर ओळीने ठेवाव्यात. भाद्रपदातील ओहोटीच्या बाटलीत जेमतेम तळ झाकेल एवढे मीठ असेल, वैशाखातील भरतीच्या बाटलीत सर्वांत अधिक. कोणत्या महिन्यात नदी पुढे होती व कोणत्या महिन्यात समुद्र, हे मुलांना त्या फळीकडे पाहूनच वाचता येईल.